दगडावरची शेवटची ओळ

मास्तर दगड बघायचे चष्मा लावून आणि माणूस बघायचे चष्मा काढून. कोणाशी बोलायचं झालं की चष्मा शर्टाच्या खिशात जायचा. मग ते असे बघायचे, की त्या वेळेपुरतं त्यांना दुसरं काही कामच नाही.

स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर आमच्या वस्तीजवळचं जुनं दगडी स्टेशन त्यांनी मनावर घेतलं. परवानगी काढली, माणसं जमवली. दर रविवारी दहा-बारा जण येऊन भिंतींवरचे रंगाचे थर खरवडायचे. सगळे हौसेने, फुकट. मी सहा दिवस एका सोसायटीत झाडलोट करते. सातव्या दिवशी कुंपणाबाहेर उभी राहून बघत होते. मास्तरांनी चष्मा काढला.

"बाहेरून दिसते त्यापेक्षा आत धूळ जास्त आहे. या की. नाव काय तुमचं?"

"विमल," मी म्हणाले. एवढंच बोलता आलं.

"दगडावर ओरखडा उठता कामा नये," हे ते दर रविवारी सांगायचे. तिकीट खिडकीच्या लाकडावरचे थर काढायला मला चार रविवार लागले. खाली मूळचा हिरवा रंग निघाला. त्यांनी सगळ्यांना हाका मारल्या. "बघा, विमलबाईंनी हिरवा शोधला!" कुठे बघावं ते मला कळेना.

खराडीच्या कंपनीतला एक इंजिनिअर नवीन आला होता. "मावशी, जरा पाणी आणता?" मी लगेच उठले. मास्तर शिडीवरूनच म्हणाले, "इथे मावशी कोणी नाही. त्या विमलबाई. आणि नळ तुमच्या पाठीमागेच आहे. वळलात तर दिसेल."

ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात म्हणत होते.

माझी शाळा चौथीत सुटली. पण स्टेशनच्या जुन्या पाटीवरच्या कोरलेल्या अक्षरात रंग भरताना माझा हात हलत नाही, हे मास्तरांनीच ओळखलं. म्हणाले, "काम संपलं की दगडावर आपल्या सगळ्यांची नावं कोरायची. तुमचं तुम्हीच भरायचं." माझं नाव रेशनकार्डाशिवाय कुठे लिहिलेलं नव्हतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पांढरा दगड आला. काळा रंग घेऊन मी वरून एकेक नाव भरत आले. कोणी इंजिनिअर, कोणी प्राध्यापक, कोणी वकील. सगळ्यात खाली कोरलं होतं, 'आणि सफाई मावशी'. मी सावकाश वाचते. वाटलं, चुकलं असेल. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"मास्तर, माझं नाव?"

"ते काय, शेवटी. अहो, बाकीच्यांच्या नावापुढे काही ना काही आहे. नुसतं विमल ओकंबोकं दिसलं असतं."

चष्मा डोळ्यांवरच होता. ते दगडाकडे बघत होते.

'इथे मावशी कोणी नाही', त्यांचंच वाक्य माझ्या ओठांवर आलं. पण मला बोलायची सवय नाही. वरचं मास्तरांचं नाव मी पुन्हा एकदा, सगळ्यात नीट भरलं. शेवटची ओळ तशीच सोडली आणि ब्रश धुतला.

पांढऱ्या दगडात रंगाशिवाय अक्षर दिसत नाही. उद्घाटन झालं, फोटो निघाले. कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्याही.

दोन रविवारांनी त्यांचा निरोप आला, "खिडकीवर धूळ बसली आहे." मी गेले नाही.

सोसायटीच्या जिन्यावर सांडलेला रंग खरवडताना अजून हात आपोआप हलका पडतो. ते त्यांनीच शिकवलं. दगडावर त्यांनी कधी ओरखडा उठू दिला नाही.