माळावरची हाक

सटवाजी पालावर असला की त्याच्या तोंडाला खीळ नसे. मुरूडच्या बाजारात कुणाच्या म्हशीनं कुणाची टोपली उलथवली, कोणत्या पाटलाच्या जावयाला बैलानं लोळवलं, सगळं तो हातवारे करून सांगायचा. ऐकणारे हसून बेजार व्हायचे, आणि त्याची बायको धुरपता चुलीमागून म्हणायची, "ह्यांना कुनीतरी एक घास द्या रे, तेवढंच तोंड बंद." पण हाच गडी माळावर गेला की मुका व्हायचा. तिथं तो खोकलासुद्धा गिळायचा.

पारध्याच्या पोटी जन्मलेल्याला हे शिकवावं लागतं. सटवाजीच्या बापानं त्याला आधी गप्प बसायला शिकवलं आणि मग फास लावायला. शिकारीची त्यांची रीत अशी होती. माळाच्या एका अंगाला, तरवडाच्या झुडपांतून खुंट्या मारून फासांची लांब ओळ लावायची. ओळीच्या टोकाशी बाईनं किंवा पोरानं अंगावर माती ओढून पालथं पडायचं. दुसऱ्या अंगानं गड्यानं गाईच्या आडोशानं यायचं. गाय चरत चरत पुढं सरकते आणि तिच्या पोटाआड वाकलेला माणूस तिच्याबरोबर सरकतो. हरणं गाईला भीत नाहीत. फार तर ती दोन पावलं बाजूला होतात, पुन्हा चरतात, पुन्हा दोन पावलं सरकतात. असं, घाईगर्दी न करता, कळपाला फासांकडं न्यायचं. यात सकाळ जाते, कधी अख्खा दिवस जातो, आणि पुष्कळदा हाती काहीच लागत नाही. सटवाजीची कबरी गाय या कामात इतकी मुरलेली होती की त्याला तिला हाकलावंही लागत नसे. पाठीवर नुसता तळवा ठेवला की तिला कळायचं.

हरणाचा पाय अडकला की गडी तित्तराची शीळ घालायचा. ती ऐकली की पालथ्या पडलेल्या माणसानं उठून धावायचं. शीळ म्हणजे ऊठ. आणि माणसाचा आवाज आला तर? तर समजायचं की आपल्याला कुणी पाहिलं, गाववाले आले, पोलीस आले. मग हलायचं नाही. जमिनीला चिकटायचं, श्वास धरायचा, अंगावरून मुंग्या गेल्या तरी उठायचं नाही.

हा नियम उगाच झाला नव्हता. सटवाजीचा थोरला भाऊ नरसिंग पोरसवदा असताना फासांपाशी असाच पडला होता. लांबून चार माणसं काठ्या घेऊन येताना दिसली, तसा बाप घाबरून ओरडला. बापाचा आवाज ऐकून नरसिंग उभा राहिला आणि आयता सापडला. गावात कुठंतरी चोरी झाली होती आणि चोर म्हणून पारध्याचं पोर हाती लागलं, मग विचारतो कोण? नरसिंग परत आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बोटं वळत नव्हती. पुढं जन्मभर त्याला फासाची गाठ मारता आली नाही. धुरपता नवी नवरी होऊन पालावर आली तेव्हा सटवाजीनं तिला नरसिंगाचा तो हात दाखवला होता. "बघून घे," तो म्हणाला होता. "मानसाचा आवाज आला की तू माती. मी जरी वरडलो तरी तू माती. समजलं?" धुरपतानं मान हलवली होती. तिला एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नसे.

बापाचे आणखीही नियम होते. गाभण हरणीला सोडून द्यायचं. पाडस मागं राहिलं असेल तर आईला हात लावायचा नाही. आणि पाण्यावर फास लावायचे नाहीत, मग काही होवो. बहात्तरच्या दुष्काळात याच नियमानं सगळ्यांचा जीव काढला. तळ्याच्या मध्यावर चिखलाचं एक डबकं उरलं होतं आणि भरदुपारी हरणं तिथं येऊन उभी राहायची, माणसाला बघूनही हलायची नाहीत. पालावर पोरं भुकेनं रडत होती. सटवाजी खडी फोडायला गेला, पण डबक्यापाशी गेला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "तहानलेल्याला काय धरायचं? त्येला पळायचं सुदिक भान नसतंय." त्याच सुमारास सरकारनं कायदा केला. हरण मारलं तर तुरुंग. सटवाजीनं शिकार पुष्कळ कमी केली, पण बंद केली असं म्हटलं तर ते खोटं होईल. पारध्याला रान कसायला कोण देणार होतं?

तोही काही बदलला नाही असं नाही. बापाचे फास जनावराच्या तातीचे, म्हणजे वाळवून वळलेल्या स्नायूच्या दोरीचे असायचे. दांडगा काळवीट जीव खाऊन उसळला की तात तुटायची, आणि बाप हसून म्हणायचा, "त्येचं त्येनं सोडवून घेतलं, जाऊ द्या." सटवाजीनं बाजारातून नायलॉनची दोरी आणली. ती तुटत नाही. जीपवाल्या शिकाऱ्यांना तो पालावर बसून शिव्या द्यायला लागला की धुरपता मुद्दाम विचारायची, "आन तुमची नायलानची दोरी वं?" मग त्याला एकदम बाजारातली दुसरी एखादी गोष्ट आठवायची.

शिव्या द्याव्या असंच ते होतं म्हणा. लातूर जिल्हा झाला, मिरवणुका निघाल्या, कचेऱ्या आल्या, रस्त्यांची कामं निघाली. कामांबरोबर गुत्तेदार आले आणि गुत्तेदारांबरोबर जीपगाड्या. नव्या जीपा, नव्या दुर्बिणीच्या बंदुका, आणि सुट्टीच्या दिवशी करायचं काय? हरणांमागं जीप घालायची. हरीण पळतं ते मोकळ्या माळाच्या भरवशावर, पण जीप दमत नाही. नाकातोंडातून फेस येईपर्यंत पळवायचं आणि उभ्या जागी थरथर कापायला लागलं की गोळी घालायची. सटवाजीनं एकदा असं मेलेलं हरीण पाहिलं होतं. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही.

नव्या जिल्ह्याच्या पहिल्याच वर्षी पावसानं पाठ फिरवली. उन्हाळ्यात पालावरची हंडी रिकामी, पाण्यासाठी कोसभर पायपीट. अशात एका सकाळी सटवाजी आणि धुरपता कबरीला घेऊन मुरूडपुढच्या माळावर गेले. पाण्याचा घोट दोघांनी निघतानाच घेतला होता, सोबत न्यायला काही नव्हतं. फास लावून झाल्यावर धुरपता तरवडाच्या दोन झुडपांमधे पालथी पडली. मातकट लुगडं, वर पसरलेला पाला. सटवाजीनं मागं वळून पाहिलं तर ती कुठं आहे हे त्यालाही क्षणभर दिसेना. त्याला बरं वाटलं.

कळप मोठा नव्हता. एक काळाभोर नर आणि सात-आठ माद्या. सटवाजी कबरीच्या पोटाआड वाकून निघाला. उन्हं वर आली. हरणं सरकत होती, चरत होती, आणि तोंड होतं बरोबर फासांकडं. सगळं जुळून येत होतं. तेवढ्यात मागून, रस्त्याच्या बाजूनं घरघर ऐकू आली.

त्यानं गाईच्या मानेखालून पाहिलं. हिरवी जीप रस्ता सोडून माळावर उतरली होती. वर उभा राहिलेला माणूस बंदुकीच्या दुर्बिणीला डोळा लावून होता. सटवाजीनं त्याला टोपीवरून ओळखलं. रस्त्याच्या कामावर सटवाजीनं त्याच्याच हाताखाली खडी फोडली होती, गुत्तेदार आप्पासाहेब.

सटवाजी आणखी खाली वाकला. त्या दुर्बिणीतून काय दिसत असेल? हरणं आणि एक चुकार गाय. गाईआड माणूस आहे हे कुणाला दिसणार? उभं राहावं तर फासांसकट पारधी सापडला. वाकून राहावं तर गोळी गाईच्या पोटातून आपल्या छातीत. तो तसाच वाकून राहिला. एवढ्यात बार झाला. डोक्यावरून काहीतरी सणाणत गेलं, कबरी उधळली आणि सटवाजी उघड्यावर आडवा पडला.

कळपानं उड्या घेतल्या. काळवीट मागच्या पायानं लंगडत होता. गोळी त्याला लागली होती. तो पळाला तो थेट फासांच्या ओळीकडं, आणि जीप त्याच्या मागं. तेव्हा कुठं सटवाजीला दुसरं भय कळलं, आणि स्वतःच्या जिवाचं भय त्यापुढं काहीच नव्हतं. जीप धुरपताच्या अंगावर चालली होती.

तिनं नुसतं उभं राहायला हवं होतं. उभी राहिली की दिसेल, जीप वळेल. त्यानं शीळ घालायला ओठ जुळवले. ओठ सुकून लाकूड झाले होते, जीभ टाळूला चिकटली होती. नुसती हवा निघाली. त्यानं ओठ चाटले, पुन्हा फुंकलं, पुन्हा हवा. जन्मभर तित्तरांना फसवणाऱ्या त्या तोंडातून शीळ निघेना. जीप मधेच उसळत, धुरळा उडवत पुढं जात होती.

मग त्यानं आयुष्यात माळावर कधी केलं नव्हतं ते केलं. तो उभा राहिला आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "धुरपते! ऊठ! पळ! धुरपतेऽऽ!"

झुडपात हालचाल झाली. सटवाजीला दिसली ती. पाल्याखालचं ते मातकट अंग किंचित वर आलं होतं, ते खाली गेलं. जमिनीला चिकटलं. माती झालं.

तो धावत सुटला. धावताना ओरडत होता, आणि जितकं ओरडत होता तितकी ती मातीत रुतत होती, हे त्याला कळत होतं, तरी ओरडणं थांबवता येत नव्हतं. जीप झुडपांत घुसली. एक धक्का बसला, जीप वाकडी झाली, सरळ झाली आणि पुढं जाऊन थांबली. किंकाळी आली नाही. आली असती तर त्याला हायसं वाटलं असतं.

धुरपता पालथीच होती. कमरेखाली लुगडं रक्तानं भिजत होतं. त्यानं तिचं तोंड मातीतून वर केलं. डोळे उघडे होते, दातांत लुगड्याचा पदर घट्ट चावून धरलेला होता. जिवंत होती.

आप्पासाहेब खाली उतरले ते पांढरेफटक पडून. "बाई कुठून आली? इथं बाई कुठून आली?" एवढंच ते म्हणत राहिले. मग त्यांची नजर फासांवर गेली आणि आवाजात जरा जीव आला. "पारधी हायेस व्हय? हे बघ, हरणाचं नाव काढायचं न्हाई. काढलंस तर तुझ्याच फासातलं म्हणून सांगीन मी."

"काय बी सांगा मालक," सटवाजी त्यांच्या पायांवर पडला. "बैलगाडीखाली आली म्हना, झाडावरून पडली म्हना. पर गाडी हाना. लातूरला न्या हिला."

काळवीट फासात अडकून तिथंच पडला होता. त्याला तसाच सोडून ड्रायव्हर आणि सटवाजीनं धुरपताला जीपमधे निजवलं. रस्ताभर सटवाजी तिच्या नाकाशी बोट धरून होता. श्वास लागायचा, मग लागेनासा व्हायचा, तेव्हा त्याचाही थांबायचा, मग पुन्हा लागायचा. आप्पासाहेबांनी दवाखान्याच्या फाटकाशी त्यांना उतरवलं आणि जीप निघून गेली.

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात सटवाजी भिंतीला टेकून बसला. खाकी कपडा दिसला की तो अंग चोरायचा, मग तो शिपाई असो की कंपाउंडर. पोलीस आलाच. सटवाजीनं बैलगाडी सांगितली, पोलिसानं ऐकून घेतली आणि पारध्याकडं बघतात तसं बघून गेला. दार उघडलं की सटवाजी उठायचा, बंद झालं की बसायचा. आता बाहेर येऊन काय सांगतील, याच भीतीनं तो कुणाला काही विचारत नव्हता. पंचशीला नावाच्या सिस्टरनं त्याला पाणी आणून दिलं. ते तो एका दमात प्यायला.

"जगली तुमची मालकीण," दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाली. "पाय मात्र सरळ व्हायचा न्हाई. या आत."

धुरपता खाटेवर एवढीशी दिसत होती. सटवाजी उशाशी बसला. व्हरांड्यात बसून त्यानं एकच आस धरली होती, की जीपच्या आवाजात आपली हाक तिला ऐकूच गेली नसेल. तेवढं तिनं म्हटलं तरी पुरे होतं. शेवटी त्यानं विचारलं.

"मी हाक मारली व्हती. तुला आयकू आली न्हाई ना?"

"आली की," धुरपता म्हणाली. आवाज खोल गेलेला, पण स्वच्छ. "शब्द कळले न्हाईत. दुसऱ्या कुनाचा आवाज असता तर डोकं वर काढून बघितलं असतं एकांद्या वक्ती. तुमचाच हाय हे वळकलं, म्हनून तर जराबी हलले न्हाई."

हे सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमान होता, आणि तोच सटवाजीला सोसला नाही.