ओढ्यापलीकडची अकरा घरं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढं नाही. म्हसू आता ऐकायला नाही म्हणून तुम्हाला सांगतो. तो असता तर सांगितलं असतं का? नसतं. मी तसाच आहे.

मी दोन इयत्ता शिकलेला. निजामाच्या राज्यात आमच्या गावी तेवढ्यावर माणूस शहाणा ठरायचा. माणसं मोजायची मर्दुमशुमारी आली, तेव्हा पटवाऱ्यानं वही आणि गेरूचं गाडगं माझ्याच हातात दिलं. दारादारावर आकडा काढायचा, आत माणसं किती ते लिहायचं. गावात बोलवा होती — माणसं भरली तर शाळा आपल्याला, नाही तर खालच्या गावाला.

म्हसूला त्या शाळेचा ध्यास. ओढ्यापलीकडं धनगरांची अकरा घरं होती, त्यातलं एक त्याचं. माझा जिवाचा दोस्त. मेंढरांमागं हिंडून टाचा फुटलेल्या, पण पोरीला, गिरजेला, शिकवायचं म्हणायचा. मला म्हणाला, "गड्या, आमाला नीट मोज. माझं एक मेंढरू चुकलं तरी मला जेवण जात न्हाई."

मी ओढ्यापर्यंत गेलो. खरंच गेलो. पलीकडं — हे कसं सांगू? — पलीकडं कुत्री होती. राखणीची, दांडगी. मला कुत्र्याची भीती वाटते. लहानपणापासून. बैल उधळला तर शिंगाला हात घालणारा मी. माझ्याबद्दल असं कुणाच्या मनात तरी येईल का? एक हाक मारली असती, तर घरातल्या बायकांनी कुत्री धरली असती. पण हसल्या असत्या की.

उरलेला गेरू ओढ्यात ओतला. वहीत लिहिलं — मेंढरं घेऊन गोदाकाठी गेलेत, घरं मोकळी.

शाळा खालच्या गावाला गेली. म्हसूनं विचारलं, आमच्या दारावर आकडा का न्हाई? मी म्हणालो, वरून हुकूम आहे, फिरत्या माणसाला मोजत नाहीत.

"असंल," म्हणाला. "आमाला कोण इचारतंय." आणि मला तंबाखू दिली.

पुढं सेलूत कापसाचं जिनिंग वाढलं. रुळाच्या कडेला पत्र्याची खोपटं वाढली, आणि आमच्याकडची घरं एकेक करून तिकडं उतरली. पलीकडची अकराही गेली. म्हसू सगळ्यांत शेवटी. "धाकट्याला शाळा तरी मिळंल," म्हणाला. गिरजेचं शिकायचं वय सरलं होतं. ती कापूस निवडायला लागली.

जाताना मेंढरं विकली, आणि थोरलं कुत्रं, काळ्या, आणून माझ्या दारात बांधलं. "लय गुणी हाय. तुझ्याबिगर कुणाकडं सोडू?"

दोन दिवस मी मागच्या दारानं ये-जा केली. तिसऱ्या दिवशी लांबूनच भाकर फेकली. ते शेपूट हलवत आलं आणि माझा हात चाटला. नुसतं भुंकायचं हो. चावलं कुणालाच नाही.

निजाम गेला तेव्हा चावडीपुढं सभा भरली. मी उठलो आणि छाती काढून बोललो — निजामानं आमच्या धनगरांना माणसांत धरलं नाही, म्हणून ती घरं उठली. लोकांनी माना हलवल्या. कुणी पाठीवर हात ठेवला. तेच भाषण मी पुढं किती वर्षं केलं.

मी बोलत होतो, आणि काळ्या माझ्या पायावर तोंड ठेवून पडला होता.