काळा पडलेला झेंडू

धोंडूमामांची गोष्ट सांगायची तर आधी त्यांच्या अक्षराची सांगावी लागते. परळच्या एका जुन्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावरच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये, दोनशेच्या वर बाटल्या मांडण्यांवर उभ्या असत, आणि प्रत्येक बाटलीवरचं नाव धोंडू वैती यांच्या हातचं होतं. शिवडी कोळीवाड्यातला माणूस, शिक्षण नववीपर्यंत. पण अक्षर असं, की वलांडीच्या दोरीवर बोंबील वाळत घालावेत तसं सरळ, एकसारखं, एकमेकांत न गुंतणारं. नवे प्राध्यापक पहिल्या दिवशी विचारत, "ही लेबलं कुठून छापून आणली?" मामा नुसतं पेनाला टोपण लावत.

तेहेतीस वर्षं त्यांनी ती लॅब सांभाळली. मुलं त्यांना मामा म्हणत, मग शिकवणारेही म्हणू लागले. त्यांच्या डाव्या पायावर रुपयाएवढा एक गुळगुळीत डाग होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी सल्फ्युरिक ॲसिडची बाटली, सुरमई शेपटीशी धरून उचलावी तशी, मानेशी धरून उचलली होती. बाटली निसटली. तेव्हापासून एक हात मानेला आणि एक हात बुडाखाली. तो डाग ते दरवर्षी नव्या मुलांना दाखवत.

"हे सल्फ्युरिक तहानलेलं असतं," ते सांगत. "साखरेतलं पाणी पितं, लाकडातलं पितं, तुझ्या बोटातलंपण पिईल. पिऊन झालं की मागे नुसता कोळसा. म्हणून ॲसिड पाण्यात घालायचं, थेंब थेंब. ॲसिडात पाणी कधीच नाय. ओतलंस तर उकळून तोंडावर येईल. आणि डोळा एकदा गेला की गेला."

त्यांचा आणखी एक नियम होता. खंडेनवमीला सगळ्या बाटल्या धुवायच्या, पुसायच्या, जुनं लेबल काढून नवं लावायचं. पण एका वेळी एकच बाटली. पहिलीवर नाव चढल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही.

त्या वर्षीची खंडेनवमी त्यांची नोकरीतली शेवटची. साठीला आठ महिने उरले होते. सकाळी सातपासून ते कामाला लागले होते. अकराच्या सुमाराला मांडणीच्या कोपऱ्यातली सल्फ्युरिकची लहान तपकिरी बाटली त्यांनी घेतली आणि तिचं लेबल काढलं. शेजारची ग्लिसरीनची बाटली तशीच तपकिरी, तशाच काचेच्या बुचाची. तिचं लेबल ओल्या फडक्यानं आपोआपच सुटून आलं. मामा दोघींची नावं लिहायला बसणार, तेवढ्यात अवनी मॅडम आल्या. अवनी मॅडम पूर्वी त्यांच्याच लॅबमधली विद्यार्थिनी, आता तिथेच शिकवत होत्या.

"मामा, खाली चला. सगळे थांबलेत. तुमच्याशिवाय फोटो नाही काढायचा म्हणतायत प्राचार्य."

"दोन मिनिटं, मॅडम."

"दोन मिनिटं नाही, आत्ता! शेवटची नवमी आहे तुमची."

मामा गेले. खाली त्यांना शाल दिली, मधोमध उभं केलं, टाळ्या वाजल्या. वर आले तेव्हा त्यांचा ऊर भरून आला होता. टेबलावर दोन उघड्यानागड्या बाटल्या शेजारी शेजारी होत्या. कुठली डावीकडे ठेवली होती? मामा क्षणभर थांबले. मग त्यांनी दोन्ही हातांनी दोन्ही बाटल्या तोलल्या. सल्फ्युरिक जड असतं, ग्लिसरीनच्या दीडपट. तेहेतीस वर्षांचा हात, तो कशाला चुकेल? एक बाटली किंचित जड लागली. तिच्यावर त्यांनी सल्फ्युरिक लिहिलं, दुसरीवर ग्लिसरीन.

ग्लिसरीनची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती आणि ॲसिडची निम्म्याला आली होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. तपकिरी काचेतून चटकन दिसतही नाही.

दुपारी पूजा झाली. बाटल्यांना हळदकुंकू लागलं, प्रत्येकीच्या गळ्यात दादरहून आणलेल्या झेंडूची छोटी माळ आली. मामांनी अक्षता वाहिल्या, पाणी शिंपडलं नाही. या खोलीत ते कधीच शिंपडत नसत.

दोन वाजता शांता आली. शांता कॉलेजात झाडलोट करी. लालबागच्या चाळीत राहायची, आणि नवरात्राचे नऊ दिवस अनवाणी चालायची. नवमीला व्रत सुटलं की भेगाळलेल्या टाचांना लावायला मामांकडून थोडं ग्लिसरीन न्यायची. लॅबमधली वस्तू बाहेर देणं नियमात बसत नव्हतं. पण त्या पायांकडे बघून मामा दरवर्षी नियम विसरत.

"भरा ओ धोंडूभाऊ," तिनं खोकल्याच्या औषधाची रिकामी काचेची बाटली पुढे केली. "जरा जास्तच घाला. यंदा सूनपण मागते. ओठ फुटतात म्हणे तिचे."

"धुतलीस ना ही?"

"आत्ताच विसळली. तुमची ती काळजी!"

मामांनी ओतलं. धार नेहमीपेक्षा चपळ होती. ऑक्टोबरचा उकाडा, पातळ झालं असेल, असं त्यांच्या मनात आलं आणि गेलं.

"अगो बाई, बाटली कोमट लागते," शांता म्हणाली.

"माझी बाटली खिडकीत उन्हात होती."

ती हसत हसत, लंगडत दसऱ्याचा बाजार करायला गेली.

चारला मामा दिवे मालवत निघाले. शेवटची नजर मांडणीवर फिरली आणि एका जागी अडकली. ग्लिसरीन लिहिलेल्या बाटलीच्या गळ्यातल्या माळेत, पुढचं एक फूल काळं पडलं होतं. सुकून तपकिरी नव्हे. जळून काळं. बुचापासून एक ओघळ त्या फुलापर्यंत आला होता.

मामांनी आगपेटीतली एक काडी घेतली, बूच काढून तिचं मागचं टोक आत बुडवलं आणि बाहेर धरलं. बघता बघता लाकूड काळं झालं.

चपळ धार. कोमट बाटली. विसळलेल्या बाटलीत तळाला राहिलेलं थेंबभर पाणी. सगळं एकदम जुळलं.

"मॅडम!" त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. अवनी मॅडम शेजारच्या खोलीतून धावत आल्या. "या दोन्ही बाटल्यांना कोणी हात लावू देऊ नका. शांताच्या बाटलीत सल्फ्युरिक गेलंय. माझ्या हातून. तिला फोन लावा, लावतच राहा. मी निघतो."

"थांबा, टॅक्सी..."

पण मामा जिन्यात होते.

रस्त्यावर टॅक्सीचा काही उपयोगच नव्हता. उद्या दसरा. फुटपाथभर झेंडूचे ढीग, आपट्याच्या जुड्या, तोरणं, गाड्या एकाला एक चिकटून उभ्या. मामा पळत सुटले. वय एकोणसाठ, छातीत भाता. शांता घरी गेली की काय करते, हे तिनं त्यांना कितीदा सांगितलं होतं! आधी गरम पाण्यात पाय सोडायचे. मग वाटीत ग्लिसरीन घ्यायचं, त्यात तेवढंच पाणी घालायचं, आणि बोटांनी चोळायचं.

ॲसिडात पाणी. तोंड खाली वाकवून.

आणि सून. ओठांना.

भारतमाता सिनेमापाशी त्यांचा मोबाइल वाजला. "मामा, रिंग जातेय, कोणी उचलत नाही," अवनी मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात रडू होतं. मसाल्याच्या दुकानांपुढून जाताना मिरचीचा खाट घशात गेला. खोकत, धडकत, "ओ काका, बघून!" अशी बोलणी खात ते चाळीत शिरले. तीन मजले. कठड्याला धरून.

दार उघडंच होतं. शांताची सून उर्वी चौकटीला तोरण बांधत होती.

"अरे, वैतीकाका? एवढं धापा टाकत? बसा ना, आई मोरीत आहेत. काय मस्त ग्लिसरीन दिलंत हो, मला..."

"लावलंस?"

"नाही, आधी आईंचा नंबर."

मोरीचा पडदा अर्धा सरकलेला होता. शांता पाटावर बसलेली. पाय गरम पाण्याच्या घमेल्यात. मांडीजवळ स्टीलची वाटी, तिच्यात तळ झाकेल एवढं काहीतरी चमकत होतं. डाव्या हातात उघडी बाटली, उजव्या हातात पाण्याचा तांब्या. तांब्या वाटीवर कलत होता.

इथे दुसरा कोणी ओरडला असता. मामांच्या घशापर्यंत आलेली हाक त्यांनी दातांनी अडवली. दचकलेला हात सांडतो, हे त्यांना ठाऊक होतं. लॅबमध्ये ते कधीच ओरडत नसत. छाती फुटायला आली असताना ते अगदी हळू बोलले.

"शांता. तांब्या खाली ठेव."

शांतानं मान वर केली. "आता मोरीतपण येणार काय ओ? बाईमाणूस बसलंय, काय लाजलज्जा..."

"तांब्या आधी. तुझ्या उजव्या अंगाला, जमिनीवर. वाटीवरून नेऊ नको."

"काय झालंय काय पण?"

"ठेव. मग सांगतो."

इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज तिनं ऐकला नव्हता. तिनं तांब्या ठेवला.

"आता बाटली. हळू. सरळ उभी."

बाटली ठेवताना तिचा हात कापला. तोंडाशी लोंबलेला एक थेंब सुटला आणि पावलाच्या वर, घोट्याशी पडला. शांता किंचाळली. मामा पुढे झाले. वाटी आणि बाटली त्यांनी एकेक करून बाजूला घेतली, बाटलीला बूच लावलं, वाटीवर कोरडी ताटली झाकली. मग घमेल्यातला तिचा पाय उचलून नळाखाली धरला आणि नळ सोडला.

नळ कोरडा. पाणी पहाटे येऊन गेलेलं.

"उर्वी, पिंपातलं पाणी! ओतत राहा, थांबू नको."

उर्वी तांब्यामागून तांब्या ओतू लागली. किंचाळी ऐकून चाळीचा तो अख्खा माळा गोळा झाला. शेजारच्या गंगुबाई मुठीत हळद घेऊन आल्या. "सरका, हळद दाबा आधी!"

"हळद नाय, गंगुबाई. टूथपेस्ट नाय, काय नाय. पाणी आणा. जेवढं असेल तेवढं."

"उद्याच्या सणाचं भरून ठेवलंय मी ते."

"आणा," मामा म्हणाले, आणि गंगुबाई बादली आणायला वळल्या. बादल्या आल्या. दसऱ्यासाठी साठवलेलं सगळ्या माळ्याचं पाणी शांताच्या घोट्यावरून मोरीत वाहून गेलं. मामांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि वीस मिनिटं पाय सोडला नाही.

दहाव्या मिनिटाला शांतानं विचारलं, "काय होतं ते?"

"सल्फ्युरिक."

"तुम्हीच भरलंत ना?"

"मीच."

पाणी पडत राहिलं. ती त्यांच्या हातांकडे बघत होती.

जवळच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी पट्टी बांधली. जखम नखाएवढी, पण खोल. परत येताना टॅक्सीत शांता म्हणाली, "कोणाला बोलू नका. आठ महिने राहिलेत. माझा पाय मी भाजला म्हणून सांगेन, चहा सांडला म्हणून. मॅडमनाही सांगा, गप्प राहा म्हणून."

मामा खिडकीबाहेर झेंडूचे ढीग बघत राहिले. "उद्या दुसरा कोणी दोन बाटल्या उघड्या ठेवील," ते एवढंच म्हणाले.

सुट्टी संपल्यावर त्यांनी लॅबची अपघाताची वही काढली. तिच्यातली सगळ्यात जुनी नोंद त्यांच्याच पायाची होती, दुसऱ्या कोणाच्या फराट्या अक्षरात. कोरं पान काढून त्यांनी आपल्या अक्षरात लिहिलं: एका वेळी दोन बाटल्यांची लेबलं काढली. हाताच्या अंदाजावर नावं लावली. लॅबमधला पदार्थ बाहेर दिला. चूक माझी. धों. ना. वैती.

शिक्षा फार मोठी झाली नाही. लेखी ताकीद मिळाली. पण पुढल्या आठवड्यात छापील लेबलांचा गठ्ठा आला, लाल धोक्याच्या खुणांचा, आणि प्राचार्यांनी सगळ्या बाटल्यांवर तीच लावायला सांगितली. अवनी मॅडम म्हणाल्या, "मामा, मी मुलांकडून करून घेते. तुम्ही नका करू."

"नको," मामा म्हणाले.

सहा दिवस ते आपलं अक्षर खरवडत होते. एक बाटली घ्यायची, जुनं नाव काढायचं, नवं चिकटवायचं, जागेवर ठेवायचं, मग दुसरी. दोनशे अकरा बाटल्या. एका वेळी एकच.

सातव्या दिवशी शांता कामावर आली. पायात चपला, घोट्याला पट्टी. मामांनी खिशातून औषधाच्या दुकानातली सीलबंद ग्लिसरीनची बाटली काढून तिच्यापुढे धरली. तिनं ती घेतली नाही.

"आधी तुमच्या हाताला लावा."

मामांनी सील तोडलं. तळहातावर चार थेंब घेतले, जाड, संथ, एकमेकांकडे सरकणारे.

"झालं?"

शांतानं भिंतीवरचं घड्याळ बघितलं, झाडू कडेला टेकवला आणि स्टूल ओढून समोर बसली.

"वीस मिनिटं," ती म्हणाली.

मामांनी हात तसाच उघडा धरला.