दीपगृह बंद व्हायच्या आत

स्टाफरूममध्ये दोन गोष्टी आपोआप साचतात, खडूची पूड आणि किस्से. पूड निदान दिवाळीआधी झाडली जाते. किस्से मात्र दरवर्षी वाढतच जातात, कारण दिवाळीच्या सुट्टीत आमच्या स्टाफची सहल निघते, आणि दरवर्षी एकाच ठिकाणी निघते. रत्नागिरीच्या भगवती किल्ल्यावर!

लोक विचारतात, महाराष्ट्रातले बाकीचे किल्ले संपले का? नाही संपले. पण त्या डोंगरावर तटबंदी आहे, देवीचं देऊळ आहे, आणि एक दीपगृह आहे. दीपगृहावर चढून समुद्र बघता येतो, पण ते संध्याकाळी थोडाच वेळ उघडं असतं. आमची शाळा पडली पार देशावर, सोनईजवळ. इतक्या लांबून आम्ही जातो आणि नेमके फाटकाला कुलूप लागताना पोचतो. रात्री लॉजवर मुक्काम आणि सकाळीच माघारी. मग परतीच्या बसमध्येच ठरतं, "दीपगृह राहिलं! पुढच्या वर्षी परत."

मी गणित शिकवतो, म्हणून वेळेचा हिशेब माझ्याकडे. तो चुकतो म्हणून उशीर होतो, असं स्टाफचं म्हणणं. साफ खोटं आहे. खरं कारण ऐका.

*

आमचे मुख्याध्यापक पवार सर. आधी शेतकरी, मग मुख्याध्यापक. कराडच्या अलीकडे ऊस दिसायला लागला की सर ड्रायव्हरच्या मागे येऊन उभे राहतात.

"थांबव रे! जरा बघू दे."

बस थांबते. सर फडात शिरतात, उसाची कांडी चाचपतात, बेणं कुठलं, पाणी कितव्या दिवशी, सगळी चौकशी करतात. इतिहासाच्या कुलकर्णी मॅडम खिडकीतून ओरडतात, "सर, ऊस आपल्याकडेही आहे हो!"

"आपल्याकडचा बघितलेला हाय, मॅडम!"

एकदा एका शेतकऱ्याने सगळ्यांना चहा पाजला. बराच वेळ गप्पा झाल्यावर त्याने विचारलं, "पाव्हणं, तुम्ही कारखान्याचे का?"

"न्हाई न्हाई, शाळेतले. सहलीला निघालोय."

"कुठं?"

सर उसावरून हात फिरवत म्हणाले, "आलो की!"

*

लांडे सर भूगोल शिकवतात आणि शनिशिंगणापुरात राहतात. त्यांच्या घराला चौकट आहे, दार नाही. जन्मापासून असं झोपलेला माणूस लॉजवर काय करणार? खोलीचं दार सताड उघडं टाकून घोरायला लागला. जोडीदार मी.

"सर, कडी लावा हो!"

"दार लावलं की मला कोंडल्यावानी हुतं."

सकाळी जाग आली तर समोरच्या खुर्च्यांवर एक अनोळखी कुटुंब बॅगा घेऊन बसलेलं! उघडं दार बघून त्यांना ते लॉजचं ऑफिस वाटलं होतं. लांडे सर अंगावरची चादर सावरत त्यांच्याशी गप्पा मारत होते. चहाही मागवून झाला होता. काय काय बघायचं, भरती-ओहोटीच्या वेळा काय, सगळी माहिती देऊन झाली. शेवटी त्या गृहस्थांनी विचारलं, "बरं, खोलीचं भाडं किती?"

सर म्हणाले, "ते मला काय ठावं? मीबी हितं पाव्हनाच हाय."

*

किल्ल्यात शिरताना कुलकर्णी मॅडमचा तास सुरू होतो. इथे केवढा भक्कम दरवाजा असेल, आतून कसा अडसर लागत असेल, शत्रूची काय बिशाद! आम्ही माना डोलावतो. एका वर्षी लांडे सरांना राहवलं नाही.

"मॅडम, एवढं जाड दार लावूनसुदिक किल्ला गेलाच ना शेवटी?"

देवळाच्या पायरीवर चप्पल काढता काढता मॅडमनी परतफेड केली, "सर, तुम्ही दार लावत नाही ते ठीक आहे. पण तुमच्या घरात चोरून नेण्यासारखं आहे तरी काय?"

"हाय की," सर म्हणाले. "मंगल हाय."

अख्ख्या स्टाफने देवळाच्या दारात टाळ्या वाजवल्या!

*

मंगलवहिनी म्हणजे लांडे सरांची बायको. लग्न ठरलं तेव्हा सरांनी त्यांना भूगोलाच्या पुस्तकातलं दीपगृहाचं चित्र दाखवून शब्द दिला होता, "तुला ह्याच्यावर नेऊन समुद्र दाखवीन." वहिनींनी तो शब्द मनात धरला. पण लग्नानंतर थोड्याच दिवसांत सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि वहिनींखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घेईनात. सहलीला आम्हा सगळ्यांची घरची माणसं यायची. वहिनी मात्र बसपाशी यायच्या, भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा खिडकीतून आत द्यायच्या आणि बस वळेपर्यंत रस्त्यावर उभ्या राहायच्या. ते बघून फार वाईट वाटायचं.

परत आलो की त्या पहिल्यांदा विचारायच्या, "दीपगृह बघितलं का?"

"राहिलं, वहिनी."

"बरं झालं! मला सोडून बघूच नका."

म्हणायच्या हसत, पण डोळे हसायचे नाहीत.

एका वर्षी लांडे सरांनी त्यांच्यासाठी बाटलीत समुद्राचं पाणी भरून नेलं. वहिनींनी बाटली कौतुकाने देवापाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी शेजारीण सासूबाईंना बघायला आली, तिला वाटलं तीर्थ आहे. तिने पळीभर म्हातारीच्या तोंडात घातलं!

म्हातारीने तोंड वेडंवाकडं केलं. "लई खारट गं. कुठल्या देवाचं?"

वहिनी घाबरून म्हणाल्या, "आत्याबाई, समुद्राचं हाय ते."

म्हातारीने ओठांवरून जीभ फिरवली. मग म्हणाली, "मंग जरा आनखी दे."

*

मग मोबाईल आला, व्हिडिओ कॉल आला. तटावर उभे राहून लांडे सर फोन समुद्राकडे धरायचे. तिकडे वहिनी भाकऱ्या थापता थापता बघायच्या.

"अहो, थोडा डावीकडं करा. ती होडी दिसू द्या."

सर डावीकडे करायचे. एकदा आम्ही सगळे खाली उतरून बसमध्ये बसलो तरी सरांचा पत्ता नाही. बघायला गेलो तर सर तसेच हात लांब करून उभे. मी डोकावलो. स्क्रीन काळी पडली होती!

"सर, चार्जिंग संपलंय हो फोनचं!"

"कळलं मला," सर म्हणाले. "पन तिनं अजून बास म्हनलं न्हाई."

मी बसकडे परत आलो. पोरांच्या वह्यांमध्ये इतक्या चुका बघितल्या, पण ही चूक खोडावीशी वाटली नाही.

*

मागच्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. दिवाळीला वहिनी बसपाशी आल्या त्या पिशवी घेऊन, नवी साडी नेसून. दरवर्षी खिडकीतून द्यायच्या तो डबा या वेळी मांडीवर घेऊन आत बसल्या. बस सुटली तेव्हा कुलकर्णी मॅडमनी उगाच रुमाल काढला.

त्या दिवशी आमची बस कुठेही थांबली नाही. कराडजवळ ऊस आला. पवार सरांनी पडदा ओढून घेतला आणि डोळे मिटले! ड्रायव्हरनेच विचारलं, "सर, तब्येत बरी हाय ना?"

आणि आम्ही वेळेत पोचलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दीपगृहाचं फाटक उघडं दिसलं.

वहिनी आधी तटापाशी गेल्या. खाली बंदर, होड्या, आणि पुढे नजर जाईल तिथपर्यंत पाणी. एकदाच म्हणाल्या, "आत्याबाई असत्या तर आनल्या असत्या." मग पदराने तोंड पुसलं.

"चल आता वर," लांडे सर म्हणाले. शब्द पुरा व्हायची वेळ आली होती.

आम्ही सगळे वाट सोडून उभे राहिलो. आधी वहिनींनी चढायचं, हे बसमध्येच ठरलं होतं. वहिनी जिन्यापाशी गेल्या, मान वर करून दिव्याकडे बघितलं, आणि पहिल्या पायरीवर चक्क बसल्या.

"पाय दुखतात का?" सरांनी विचारलं.

"न्हाई."

"भ्या वाटतं?"

"न्हाई वो." वहिनींनी पिशवीतून डबा काढून उघडला आणि भाकरीचा तुकडा मोडला. "आज वर जाऊन आले, तर पुढल्या साली तुमी मला कशाला आनताल?"

लांडे सरही त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. वहिनींनी तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

वरून रखवालदाराचा आवाज आला, "बंद करतोय हां! वर कोण येतंय का?"

आमच्यातलं कुणीच हललं नाही.