घरचं माणूस समजून सांगतो

आमच्या ऑफिसात हिरे येतात, जातात, डब्या रिकाम्या होतात. किस्से मात्र तिथेच साठतात. दुपारी डबे उघडले की जुन्याबरोबर एक नवा निघतो. मैत्रिणी भेटल्या की चहा यायच्या आधीच म्हणतात, "मंजिरी, हिऱ्यांचं काहीतरी सांग ना!" मला तेवढंच पाहिजे असतं.

आम्ही ठाण्यात बसून ऑनलाइन हिरे विकतो. गिऱ्हाईक वेबसाइटवर गोल हिरा निवडतं, व्हिडिओ कॉल बुक करतं, आणि मी तो हिरा चिमट्यात धरून कॅमेऱ्यासमोर फिरवते. शेजारच्या खुर्चीत भोईरदादा. त्यांचं काम कट तपासायचं. पैलू बरोबर कोनात पडले तर आत गेलेला उजेड वरून परत येतो, चुकले तर खालून पळतो, आणि हिरा झोपल्यासारखा दिसतो. प्रत्येक कॉल वीस मिनिटांचा. तेवढ्यात दादांनी प्रत्येक हिऱ्याला पास की नापास ते सांगायचंच. 'उद्या सांगतो' चालत नाही. हा आमच्या मालकांचा, म्हणजे सरांचा नियम.

दादा कोपर गावचे. इथे यायच्या आधी पंचवीसएक वर्षं त्यांनी स्वतः हिऱ्यांना पैलू पाडले. सरांनी त्यांना घेतलं ते आमचे हिरे जास्त खपावेत म्हणून. आणि पहिल्याच दिवशी, पहिल्याच गिऱ्हाइकाला, माइक चालू असताना दादा म्हणाले, "घरचं माणूस समजून सांगतो, हा नका घेऊ."

दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्यालाही तेच.

आठवड्याने सर केबिनमधून बाहेर आले, हात जोडले आणि म्हणाले, "भोईर, दिवसातून एक तरी माणूस परकं समजा हो!"

*

माझाही एक किस्सा आहे, सांगून टाकते. मी नवीन होते. एका बाईंना एक हिरा दाखवला. त्या म्हणाल्या, "डावीकडे डाग आहे." दुसरा दाखवला. "यातही डावीकडे डाग." मला घाम फुटला. तिसरा काढला, तर डाग तिथेच!

दादांनी तिन्ही हिरे भिंगाखाली धरले. तिन्ही स्वच्छ. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "ताई, हिरे सोडा. कॅमेरा पुसा."

लेन्सवर माझ्याच बोटाचा ठसा होता. बाई तिकडून म्हणाल्या, "मला वाटलं तिळे आहेत!"

*

घोडबंदर रोडचे एक इंजिनीअर होते. त्यांनी एक्सेल शीट बनवलेली. हिऱ्याची खोली किती टक्के, वरचा सपाट भाग किती टक्के, वरचा कोन, खालचा कोन. आकडे टाकले की शीट मार्क द्यायची. एका हिऱ्याला अठ्ठ्याण्णव पडले. सर्टिफिकेटवर कट 'एक्सलंट'. साहेब खूश.

दादांनी शेजारी दुसरा हिरा ठेवला. तोही एक्सलंटच, शीटवर ब्याण्णव. मी दोन्ही हळूहळू फिरवले. ब्याण्णववाला खेळत होता, अठ्ठ्याण्णववाला गप्प.

"असं कसं?" साहेब म्हणाले. "आकडे तर बरोबर आहेत!"

"आकडे सरासरीचे असतात साहेब," दादा म्हणाले. "एक पैलू इकडे कलला आणि समोरचा तिकडे, की सरासरी बरोबरच येते. आता मला सांगा, लग्न तुम्ही पत्रिका बघून केलंत की मुलगी बघून?"

साहेब शीट खालीवर करायला लागले. मग साहेबांच्या मागून बाईचा आवाज आला, "सांग ना. मी पण ऐकते."

*

खाडीकाठच्या एक मावशी. सगळी हयात बाजारात मासे विकण्यात गेलेली. नातीने फोन धरलेला, मावशी समोर मांडी घालून. मी नेहमीप्रमाणे टेबलावरचे चारही लाइट लावले आणि हिरा फिरवला. असा चमकला म्हणता! मला वाटलं, झालं काम.

मावशी म्हणाल्या, "बाय, ती बत्ती बंद कर."

मी म्हटलं, "मावशी, मग दिसणार कसा?"

"आमचे बाजारान बत्तीखाली समदी मासली ताजीच दिसते. मना हिरा घेवाचाय, बत्ती नाय!"

दादा टुणकन उठले आणि त्यांनी स्वतः चारही बटणं बंद केली. खिडकीच्या साध्या उजेडात तो हिरा अगदी मलूल पडला. दादांना इतका आनंद झाला, जणू कोणी त्यांचाच सत्कार केला. मावशींनी मग खिडकीच्या उजेडातच पाच हिरे परतवले आणि सहावा घेतला.

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक कॉलमध्ये लाइट बंद करून दाखवायची पद्धत पडली. सरसुद्धा आता केबिनमधून ओरडून विचारतात, "मावशी केली का?"

*

आंबिवलीचे एक रिटायर्ड मास्तर सुनेसाठी हिरा घेत होते. दादांनी त्यांना सांगितलं, की चांगल्या कटच्या गोल हिऱ्यात वरून बघितलं की आठ बाण दिसतात, सारख्या लांबीचे, फुलाच्या पाकळ्यांसारखे. एक आखूड-लांब असला तर तिथे कारागिराचा हात हलला.

मास्तरांनी फोटो मागवला, प्रिंट काढली, आणि दुसऱ्या कॉलला लाल पेनाने तपासलेला हिरा कॅमेऱ्यासमोर धरला. एका बाणावर गोल, बाजूला शेरा: 'घाई केली आहे.'

"साडेसात बाण भरतात," मास्तर म्हणाले. "तरीही घेतो मी. अक्षर चांगलं आहे."

दादांना ते अजिबात पटलं नाही. दुपारी डबा खाताना पुटपुटत होते, "साडेसात बाणाचा हिरा घरात ठेवायचा? माणसाला झोप कशी लागेल?"

*

आता दादांच्या घरचं सांगते, कारण खरी मजा तिथेच आहे.

लग्न ठरलं तेव्हा दादांनी वहिनींना शब्द दिलेला, हिऱ्याची अंगठी करीन म्हणून. त्याला सव्वीस वर्षं झाली. दादा शब्द विसरले असं नाही. उलट, रोज डबा झाला की ते आमच्या स्टॉकमधला एक हिरा काढायचे, खिडकीपाशी जायचे, भिंग लावायचे आणि परत ठेवायचे. "पोट जरा खोल आहे. वजन सगळं खाली, वरून बारीक दिसतो." "कड जाड आहे." "हा ठीक आहे, पण ठीक काय कामाचा? उद्या बघू."

यंदा मुलीचं लग्न ठरलं. हळद पुढच्या महिन्यात. आणि त्यांच्याकडची हळद म्हणजे सगळं गाव अंगणात! वहिनी एकदा ऑफिसात आलेल्या, तेव्हा मला हळूच म्हणाल्या, "प्रत्येक हळदीला बायका माझा हात धरून बघतात गं. हिऱ्याच्या कारागिराची बायको, आणि बोट मोकळं. इतकी वर्षं हसून घालवलं. स्वतःच्या लेकीच्या हळदीला नाही हसता येणार." हे सांगतानाही त्या हसत होत्या. मला मात्र फार वाईट वाटलं. मी दादांना बोललेसुद्धा. दादा म्हणाले, "उद्या नक्की बघू."

मागच्या मंगळवारी सकाळी मी कॉलची यादी उघडली. साडेअकराचं नाव: सौ. भोईर, कोपर. तीन हिरे निवडलेले.

मी दादांना काही बोलले नाही. सरांना बोलले. सर साडेअकराला आमच्या मागे येऊन फाइल चाळायला लागले. फाइल उलटी होती.

स्क्रीनवर वहिनी आल्या. ठेवणीतली साडी नेसलेल्या, केसात गजरा.

"अगं, तू?" दादा उडालेच. "बुक कशाला केलंस? मी सकाळी घरीच होतो ना!"

"घरी विचारलं की उद्या. इथे वीस मिनिटांत सांगावं लागतं ना? म्हणून बुक केलं. मंजिरी, दाखव गं."

मी पहिला हिरा धरला. दादांनी भिंग लावलं. नापास. दुसरा. बराच वेळ बघून, नापास. घड्याळात पाच मिनिटं उरली.

तिसरा धरला. मागून सर म्हणाले, "मावशी करा." मी लाइट बंद केले. खिडकीच्या साध्या उजेडात तो हिरा तसाच जागा राहिला. दादांनी फिरवला. परत फिरवला. खोली बरोबर, कड बरोबर. चार मिनिटं. तीन. दादांचं कपाळ ओलं झालं. सरांनी फाइल खाली ठेवली.

दादांनी भिंग काढलं आणि घसा खाकरला. "हे बघ, घरचं माणूस समजून सांगतो..."

"थांबा!" वहिनी म्हणाल्या. "घरचं माणूस समजलात म्हणून तर सव्वीस वर्षं बोट मोकळं राहिलं. आज मला गिऱ्हाईक समजा."

सरांनी तोंडावर हात धरला.

"अगं, एक बाण आखूड आहे त्यात."

"कितीसा?"

"केसभर."

"हळदीत दिसेल कोणाला?"

"छे. कोणालाच नाही."

"मग?"

"मला दिसेल ना!" दादा जवळजवळ ओरडलेच. "तुझ्या हाताकडे बघितलं की रोज दिसेल!"

वहिनी म्हणाल्या, "तेवढ्यासाठीच तर घेतेय."