भावजींचे सहा चेंडू

आमचे भावजी ड्रायव्हिंग शिकवतात. म्हणजे गाडी शिकणारा चालवतो आणि हे शेजारी बसून तोंड चालवतात. त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी खास बसवलेला. समोरून ट्रक येतोय, शिकणाऱ्या बाईच्या हाताला दरदरून घाम सुटलाय, आणि हा बाबा ब्रेकवर पाय ठेवून विचारतो, "घाबरायचं काय त्यात?" अहो, तुमच्याकडे ब्रेक आहे, तिच्याकडे काय आहे? पण हे सांगणार कोण? वीस वर्षं हे वाक्य सांगून सांगून भावजींना स्वतःबद्दल वाटायला लागलंय की आपण भलतेच शूर आहोत.

ते वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. टीव्ही आमचा मोठा, म्हणून मॅच असली की जेवणाचं ताट घेऊन खाली हजर. मग काय, आमच्या सोफ्यावर बसून सगळ्या जगाला बॅटिंग शिकवायची. एखादं कोवळं पोर दीडशेच्या वेगाने नाकासमोर आलेल्या चेंडूपुढून मान काढून घेतं, तर हे घास चावत म्हणणार, "शेपूट घातली! अरे, पाय पुढे टाक ना!" स्वतः कधी खेळले विचाराल, तर गच्चीवर, रबरी चेंडूने, आणि तेही आउट दिलं की बॅट घेऊन घरी. एवढं झालं की माझ्या नवऱ्याकडे वळून डोळा मारायचा. "काय अंपायर, बरोबर ना?"

हे नाव माझ्या नवऱ्याचं. भावजींचे ते सख्खे थोरले भाऊ. चष्म्याच्या दुकानात काचा कापून फ्रेममध्ये बसवायचं काम करतात. दिवसभर डोळ्यांशी आणि धुळीशी खेळ, तोंडातून चार शब्द निघतील तर शपथ. तरुणपणी मात्र दर रविवारी क्लबकडून खेळायचे, चांगले खेळायचे. एकदा समोरच्या क्लबाने बाहेरून एक खराखुरा फास्ट बोलर आणला, ज्याचं पोटच त्यावर होतं असा. ह्यांनी त्याचे अकरा चेंडू खेळले. अकराव्याला पाय आपोआप बाजूला, लेगला उभ्या असलेल्या अंपायरकडे सरकले, इतके की ह्यांच्या तिन्ही दांड्या उघड्या पडल्या आणि उडाल्या. तेव्हा मिसरूड फुटलेले भावजी सीमेबाहेरून ओरडले, "दादा, तू तर पार लेग-अंपायरच्या शेजारी जाऊन उभा राहिलास की रे!"

झालं. संध्याकाळपर्यंत नाव गल्लीभर. चोवीस वर्षं झाली त्याला. दूधवाला अंपायर म्हणतो, किराणावाला यादीवर 'अंपायर' लिहितो, भावजींची मुलं अंपायरकाका म्हणतात. आमच्या लग्नात मित्रांनी अंपायरचा पांढरा कोट आणला होता भेट म्हणून. हे हसून घेतात. मला मात्र दर वेळी चीड येते. भित्रा म्हणून हाक मारायची आणि वर माणसाने ओ द्यायची? हे नाव एकदा त्यांच्या अंगावरून उतरलेलं मला बघायचं होतं. देवाजवळ दुसरं काही मागितलं नाही मी.

आणि एक दिवस संधी चालून आली. एक व्यावसायिक संघ आमच्या मैदानावर सरावाला येणार होता. टायर विकणाऱ्या कंपनीने जाहीर केलं, सहा सामान्य नागरिकांना त्या संघाच्या फास्ट बोलरचे सहा-सहा चेंडू खेळायला मिळतील. भावजींनी लगेच अर्ज टाकला. आणि नंबर लागलाही!

"भावजी, एकशे चाळीसने येतो म्हणे चेंडू," मी मुद्दाम म्हणाले.

"वहिनी, एकशे चाळीस म्हणजे काय?" ते मिशीवरून बोट फिरवत म्हणाले. "हायवेला शंभर-एकशे वीस मी रोज बघतो, तेही चहा व्हायच्या आधी. वीसच जास्त की! वेगाची सवय लागते नजरेला."

ऐका! गाडीत बसून काट्यावर बघितलेला वेग आणि अंगावर येणारा वेग ह्या माणसाला एकच वाटत होता. मी म्हटलं, वाटू दे. आणखी हवा भरली. "तुम्हीच खेळाल बरं का भावजी, दुसऱ्या कुणाचं काम नाही." महिनाभर ड्रायव्हिंग स्कूलच्या अंगणात रंगीत शंकू मांडून सराव चालला. स्टूलवर उभी राहून चेंडू फेकायला कोण, तर तीच घाम सुटणारी बाई. ती बिचारी लायसन्स मिळावं म्हणून अगदी अलगद फेकायची.

रविवारी सकाळी मी पहिल्या रांगेत खुर्ची धरली. नवऱ्यालाही ओढून आणलं. ते येत नव्हते, पण मी ऐकते होय! मागे भावजींचे विद्यार्थी, जुने-नवे, शंभरेक तरी असतील. भावजी पॅड बांधून निघाले ते बॅट फिरवत, हात हलवत. बोलर म्हणजे बावीसेक वर्षांचं पोरगं, ताडमाड उंच. जांभई देत होतं.

पहिला चेंडू आला कधी, कुणालाच कळलं नाही. किपरच्या ग्लोव्हजमध्ये फाट्‌कन वाजलं तेव्हा भावजी अजून जमिनीवर बॅट ठोकत होते. "टाक की रे!" असं म्हणालेसुद्धा. किपर तोंड फिरवून हसला.

दुसऱ्याला त्यांना दिसलं काहीतरी. आणि त्यांनी काय करावं? उजवा पाय दाणकन खाली आपटला! ब्रेक मारला हो त्यांनी! वीस वर्षांची सवय, संकट दिसलं की पाय खाली. इकडे मैदानात कुठला ब्रेक? पाय जागच्या जागी रुतला, चेंडू मांडीवर. मागचे विद्यार्थी तो पाय चांगलाच ओळखत होते. असे खदखदून हसले की दोघे-तिघे खुर्च्यांवरून खाली आले. मीही पोटभर हसून घेतलं, खोटं कशाला सांगू?

तिसरा चेंडू हेल्मेटला वारा घालून गेला. भावजी चक्क मांडी घालून खाली बसले. चौथ्याच्या वेळी बोलर धावायला लागला तसे हे सरकायला लागले, आणि तो टाकेपर्यंत पार लेग-अंपायरच्या शेजारी. अगदी शेजारी! भावापेक्षा दोन पावलं पुढेच. दांड्या उडाल्या.

"काका, अजून दोन आहेत," बोलर म्हणाला. भावजी परत येईनात. तोंड पांढरंफटक, ओठ हलत होते पण आवाज नाही. माझी वेळ आली होती. मी उभी राहिले, श्वास घेतला, इतकी वर्षं तयार ठेवलेलं त्यांचंच वाक्य माझ्या जिभेवर होतं.

तेवढ्यात माझा नवरा उठला. दोरी ओलांडून, दुखरे गुडघे सांभाळत सरळ मधोमध गेला. मला वाटलं, आता ह्यांच्याच तोंडून ऐकायला मिळणार, वा! हे बोलरला म्हणाले, "बाळा, राहू दे. ऊन डोळ्यावर येतंय त्याच्या. दिसत नाहीये त्याला." आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला घेऊन आले.

कुठलं ऊन? सकाळपासून आभाळ भरलेलं होतं! ते पोरगंसुद्धा वर बघून हो म्हणालं. गाडीपर्यंत पोचेस्तोवर भावजींना पुन्हा वाचा फुटली. "वहिनी, ऊन काय होतं हो! नाहीतर तिसरा मी मारतच होतो." बघा ह्या माणसाची तऱ्हा!

घरी आल्यावर मी दार लावलं आणि नवऱ्यावर तुटून पडले. "चोवीस वर्षं तुमची अब्रू काढली त्याने. आज एक शब्द बोलायचा होता, एक! तो गिळलात तो गिळलात, वर त्याला ऊन पुरवलंत?"

ते चष्मा पुसत होते. म्हणाले, "अगं, चेंडू दिसतच नाही. मला अकरांतला एकही दिसला नव्हता. बाहेर आलो तेव्हा वाटत होतं, कुणीतरी म्हणावं, ऊन होतं रे."

"मी असते तर म्हणाले असते!"

"तू होतीस की," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसतं सांगत होते. "शाळेच्या भिंतीपाशी, मैत्रिणींबरोबर. तो ओरडला तेव्हा सगळ्यांत जास्त तूच हसलीस."

मी होते. निळा ड्रेस घातला होता, हसून हसून ठसका लागला होता. पुढच्या वर्षी मला बघायला आले तेव्हा मनात धाकधूक होती. ते काही बोलले नाहीत, म्हणून मी समजले की त्यांनी मला तिथे पाहिलंच नव्हतं. ते चष्मा घालून आत निघून गेले, आणि मी दाराला टेकून तशीच उभी राहिले. मला माझीच लाज वाटली.