जिंकणाऱ्याची घंटा

हैदराबादच्या जामबागेतल्या आमच्या मराठी मंडळात दरवर्षी प्रश्नमंजूषा व्हायची आणि तिचा नियम एकच, जो जिंकेल त्याने पुढच्या वर्षीचे प्रश्न काढायचे. तोवर एका बंद पडलेल्या मराठी शाळेची पितळी घंटा त्याच्या घरी राहायची. गेली कित्येक वर्षं ती माझ्याच घरी आहे, बरकतपुऱ्यात, फ्रिजच्या डोक्यावर. मी फार हुशार म्हणून नाही; जिंकणाऱ्या म्हाताऱ्यांना प्रश्न काढायचा व्याप नको असतो आणि नवं घ्यायला कोणी उरलं नाही म्हणून. एकेकाची मुलं पुण्याला गेली, परदेशी गेली, आणि जी इथे आहेत ती मराठी पाटी दिसली की तोंड फिरवतात. यंदा कार्यकारिणीने स्पष्टच सांगितलं की नव्या माणसाने घंटा नेली तर ठीक, नाहीतर हा कार्यक्रम इथेच बंद.

माझी सगळी भिस्त नातीवर. कॉलेजात आहे. बोलणं अर्धं तेलुगू, अर्धं इथलं उर्दू, उरलंसुरलं मराठी. पण असल्या गोष्टींचं पोरीला वेड. बटाटा हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला, इथले लोक उठताबसता 'नक्को' म्हणतात ते आपल्या 'नको'वरून, हे कळलं तेव्हा दोन दिवस मैत्रिणींना सांगत सुटली होती. देवनागरी तिला धड वाचता येत नाही, म्हणून रोज संध्याकाळी गॅलरीत बसून मीच पुस्तकं वाचून दाखवायची आणि ती डोळे मिटून ऐकायची. यंदाचा एकही प्रश्न मात्र मी तिच्या कानावर घातला नाही. एवढी वर्षं शिक्षिका होते मी, पेपर फोडणाऱ्यांतली नव्हे.

रविवारी दुपारी मंडळात नेहमीची डोकी जमली. त्यात आमचे वकीलसाहेब. प्रश्न पुरा होऊ देतील तर शपथ. उत्तर चुकलं तरी हटणार नाहीत, चहा गार होईस्तोवर वाद घालतील. त्यांच्या शेजारी आबिड्सच्या पोस्टातून निवृत्त झालेले परभणीचे गृहस्थ, ज्यांना इतिहास म्हणजे घरचा. मी पहिलाच प्रश्न विचारला, परभणी, नांदेड हे जिल्हे मुंबई राज्यात जाण्याआधी कुठल्या राज्यात होते? वकीलसाहेब पंख्याकडे बघत बसले. परभणीचे गृहस्थ डोकं खाजवत म्हणाले, आठवत नाही बुवा.

हा माणूस त्याच राज्यात जन्मला, त्याच शहरात बसलाय आणि म्हणतो आठवत नाही! नातीने हात वर केला, म्हणाली, "हैदराबाद." मग पुढचे प्रश्नही तसेच. जन्मभर एकमेकांच्या तोंडचं उत्तर पळवणारी ही म्हातारी माणसं ओठ शिवून बसली होती. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मला काही सांगितलं नव्हतं. पण मी तरी कुठे थांबवलं? घंटा नव्या हातात जाणार या आनंदात मी भराभर पुढे विचारत गेले.

शेवटचा प्रश्न होता आपल्या पहिल्या मोठ्या मूकपटातल्या नायिकेबद्दल. बायका कामाला मिळेनात, म्हणून हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या एका पुरुषाने ती भूमिका केली, हे तिने अगदी रंगवून सांगितलं. हे तिचं स्वतःचं होतं, गॅलरीत मिळवलेलं. पण टाळ्या तेवढ्याच पडल्या, जेवढ्या परभणीच्या सोप्या प्रश्नाला पडल्या होत्या. तिथे तिचा चेहरा बदलला.

जिंकणाऱ्याने घंटा हातात घेऊन सभेला एक प्रश्न विचारायचा, अशी आमची रीत. ती उभी राहिली. वकीलसाहेबांकडे बघितलं, मग परभणीच्या गृहस्थांकडे, मग माझ्याकडे.

"तुमच्यापैकी कुणाकुणाला सगळी उत्तरं येत होती?"

वकीलसाहेब चष्मा पुसत बसले. मला म्हणायचं होतं, अगं, सगळ्यांना येत होती, तुझ्यासाठीच गप्प होते गं ते. पण मी हातातले प्रश्नांचे कागद जुळवत राहिले. ती थांबली. मग वेळ संपल्यावर मी वाजवते तशी तिने घंटा वाजवली, टेबलावर ठेवली आणि चपला घालून बाहेर पडली.

लोकांनी खुर्च्या रचून ठेवल्या. चहा तसाच राहिला. घंटा मीच पिशवीत घालून रिक्षाने घरी आणली. या लोकांचा राग येतो मला, आणि रागावून तरी काय करू? त्यांच्यापाशी द्यायला दुसरं होतं काय?

घरी आले तर ती गॅलरीत तिच्या नेहमीच्या जागेवर बसली होती. मी शेजारी बसले. ती म्हणाली, "आजी, मला हरवलं असतं ना, तर मी पुढच्या वर्षी परत आले असते."

घंटा फ्रिजवर आहे. पुढच्या वर्षी कार्यक्रम नाही, तसा निरोप मंडळाकडून आला.